विहीर खुली, दोर घरी

गुऱ्हाळं पेटली की कोल्हापुरात ते कुणी कुणाला सांगावं लागत नाही. सकाळी खिडकी उघडावी, तर उकळत्या रसाचा वास आधीच येऊन थांबलेला असतो. नदीकाठच्या मळ्यांतून चिपाडाचा धूर उठतो आणि थंडीमुळे वर न जाता गावावरच पसरून राहतो. वाळत घातलेल्या पातळांना तो वास लागतो, केसांना लागतो, मी ज्या मुलींना शिकवते त्यांच्या पाट्यांनासुद्धा लागतो. लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या घशाशी काहीतरी येतं.

यंदा ते जरा जास्तच आलं, कारण गुऱ्हाळं पेटली त्याच आठवड्यात तात्यासाहेब मेंबर गेले.

म्युनिसिपालिटीत मेंबर पुष्कळ असतील, पण आमच्या भागात नुसतं ‘मेंबर’ म्हटलं की तात्यासाहेबच. गूळपेठेत त्यांची अडत, नदीला लागून त्यांचा ऊस, आणि दरबारात त्यांची ऊठबस. माझे वडील वकील आहेत. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. तात्यासाहेबांचे अर्ज, त्यांची भाषणं, त्यांना मिळालेल्या मानपत्रांची उत्तरं हे सगळं आप्पांच्या हातचं. तात्यासाहेब ते सभेत वाचून दाखवत आणि मधेच थांबून डोळे पुसत. कुठं थांबायचं, तेही आप्पाच समासात लिहून देत.

अंत्ययात्रा आमच्या दारावरून गेली. मी माडीच्या खिडकीची झडप बोटभर उघडी ठेवून बघत होते. मला गर्दीत उभं राहता येत नाही. मडमेच्या शाळेत इतकी वर्षं काढली, इंग्रजीत उत्तरं पाठ म्हटली, पण चार माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की अजून जीभ टाळूला चिकटते. फटीतून मात्र मला चांगलं दिसतं. फुलांचा ढीग, गुलाल, अत्तराचा वास, आणि त्या सगळ्याखाली पुन्हा तो गुळाचा वास. खाली दोघं हमाल भिंतीला टेकून बोलत होते.

“केवढा मोठा मानूस गेला गा!”

“मोठा तर हुताच की. ह्या कोपऱ्यापातूर खांदेकरी चारदा बदललं.”

दुसऱ्या दिवशी जेवताना आप्पा म्हणाले, “माळावरच्या विहिरीला त्यांच्या नावाची शिळा बसवायची ठरली आहे. मराठी मजकूर मी करतो. वर इंग्रजी पाहिजे, साहेबलोक येतील. तू चार ओळी लिहून दे.”

“कशाबद्दल?”

“कशाबद्दल म्हणजे? विहीर सर्वांना खुली केली त्याबद्दल. अस्पृश्य बाईच्या हातचं पाणी स्वतः प्याले त्याबद्दल. तू होतीस की तिथं. हार तूच तर घातला होतास.”

होते. हार मीच घातला होता. अव्वानं माझ्या पानात भात वाढता वाढता पळी थांबवली आणि माझ्याकडे न बघता पुन्हा वाढायला लागली. आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिचं माहेर कानडी मुलखातलं.

ती वीस वर्षांपूर्वीची प्लेगची थंडी होती, मी शाळकरी होते. दिवाळी सरली की घराघरांत उंदीर पडायला लागायचे, आणि उंदीर पडला की गाव उठायचं. लोक कुलपं लावून माळावर जायचे. तट्ट्यांच्या भिंती, गवताची छपरं, चिखलानं लिंपलेल्या चुली. बघता बघता माळावर दुसरं गाव उभं राहायचं. खरं सांगायचं तर मला तो हंगाम आवडायचा. शाळा बंद असायची. पहाटे गवतावर दव पडलेलं असायचं आणि पाय गारठून लाल व्हायचे. कुणाच्या तरी शेतातल्या पावट्याच्या शेंगा उकडून यायच्या. छपरातून बारीक उन्हाची टिंबं अंथरुणावर पडायची. मोठी माणसं हळू आवाजात कुणाकुणाची नावं घ्यायची आणि आम्ही जवळ गेलो की गप्प व्हायची. मरण आजूबाजूलाच होतं, आणि आम्ही मुलं ऊस सोलत होतो.

माळावर सरकारी विहीर होती. दगडी, खोल, काठावर कप्पी लावलेली. साऱ्या झोपड्यांचं पाणी तिथलंच.

आम्ही जैन. अव्वा पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय घागरीत घेत नसे. गाळून झालं की फडक्यावर जे काही डोळ्याला दिसेल न दिसेल ते थोड्या पाण्यानं एका लहान चरवीत उतरवायचं आणि चरवी दोरानं परत त्याच विहिरीत हळूच सोडायची. वरून ओतायचं नाही. पाण्याला टेकल्यावर अलगद कलती करायची, म्हणजे आतले जीव आपटून मरत नाहीत. ज्या विहिरीतले जीव त्याच विहिरीत गेले पाहिजेत. ह्यासाठी अव्वाचा एक वेगळा दोर होता, लांब, मऊ, एकही गाठ नसलेला. तो ती कुणाला हात लावू देत नसे.

आणि ती अशी वाकून, श्वास धरून, न दिसणाऱ्या जिवांना पाण्यात पोचवत असे तेव्हा दहा हात लांब रखमा रिकाम्या घागरी घेऊन बसलेली असे.

रखमा महारवाड्यातली. माळावरच्या झोपड्यांची झाडलोट तिच्याकडे होती. अंगानं काटकुळी आणि आवाज मात्र माळाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जाणारा. विहिरीला तिनं शिवायचं नव्हतं, म्हणून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायची. “ओ पावणं, येक घागर वाढा की! पुन्न लागंल तुमास्नी!” कुणी वाढायचं, कुणी ऐकलंच नाही असं करून जायचं. कधी ऊन डोक्यावर येईपर्यंत ती तिथंच. तिची सून नुकतीच बाळंत झाली होती. पाण्यावाचून बाळंतिणीचं काय होतं, ते मला तेव्हा कळत नव्हतं. पण रखमा हाका मारायची थांबून नुसती विहिरीकडे बघत बसली की मला पुस्तक मिटावंसं वाटायचं.

तात्यासाहेब रोज संध्याकाळी माळावर फेरी मारत. अंगात जाड बनातीचा कोट, डोक्याला रुमाल, तोंडात पान. झोपडीझोपडीशी थांबत. “काय वकीलसाहेब, बरं हाय न्हवं? काय लागलं सवरलं तर सांगा. मी हाय न्हवं का हितं!” मग माझ्याकडे वळत. “आनी ही काय म्हनत्या आमची मडम? विंग्रजी बोल की जरा!” मी अव्वाच्या मागं सरके. ते हात लांब करून माझा गाल धरत आणि तंबाखूच्या, अत्तराच्या बोटांनी हलवत. बरोबरची माणसं हसत. “पोपट हाय, पोपट! पर बोलंना झालाय.” ते गेले की मी गाल ओल्या फडक्यानं पुसत असे. अव्वा म्हणे, “असं करू नये, मोठे आहेत.” पण फडकं तीच पुढं करी.

त्या थंडीत सरकारचा हुकूम आला. सरकारी विहिरी, धर्मशाळा, शाळा सगळ्या जातींना खुल्या. महाराजांच्या हुकमाला तोंडावर ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. आणि महाराजांची गाडी कधी कुठं येऊन उभी राहील, त्याचा नेम नसे. माळावरच्या झोपड्यांत दोन दिवस कुजबुज झाली. पुष्कळ तोंडं वाकडी झाली. तात्यासाहेबांनी मात्र दवंडी पिटवली की हुकमाची पहिली अंमलबजावणी आमच्या विहिरीवर, आणि मेंबर स्वतः रखमाच्या हातचं पाणी पिणार.

दरबारचे एक मोठे अधिकारी आले. विहिरीला आंब्याची पानं बांधली होती. तात्यासाहेबांनी घरून चांदीचा पेला आणला होता. रखमाला धुतलेलं लुगडं नेसवलं होतं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्या विहिरीत पोहरा सोडला. कप्पी करकरली. तिला अंदाज नव्हता, दोर हातातून सरकला, आणि माणसं “अगं अगं” म्हणाली. मग तिनं पोहरा वर ओढला, तांब्यात पाणी घेतलं आणि चांदीच्या पेल्यात ओतलं. तात्यासाहेबांनी पेला सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि घटाघटा प्याले. त्यांचा गळा वर-खाली होताना मला अगदी जवळून दिसला, कारण मी हार घेऊन शेजारीच उभी होते. टाळ्या वाजल्या. रखमाचं तोंड असं झालं होतं की हसावं की रडावं ते तिला ठरवता येत नव्हतं. मी हार घातला. मला ढकलून पुढं केलं होतं. तो घातल्याबरोबर मी गर्दीतून निसटले, जरा वेळ बायकांमागं उभी राहिले आणि मग तट्ट्यांच्या मागच्या वाटेनं घराकडे निघाले.

मागं तट्ट्याआड तात्यासाहेब होते. भाषणं सुरू व्हायच्या आधी जरा जाऊन येतो, असं सांगून आले असावेत. त्यांच्या गड्यानं त्यांचा रुमाल दोन्ही हातांत धरला होता, जसा देवाचा मुकुट धरावा. तात्यासाहेब गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते आणि उजव्या हाताची दोन बोटं घशात घालत होते. एकदा आलं नाही. पुन्हा घातली. मग पाणी आलं, पानाच्या लाल चोथ्याबरोबर, आणि मातीत पसरलं. त्यांनी खाकरून, खोकून शेवटचा थेंबसुद्धा बाहेर काढला. “गेलं का रं समदं?” त्यांनी गड्याला विचारलं. गड्यानं मातीकडे वाकून बघितलं आणि म्हणाला, “गेलं, मालक.” मग त्यानं गोमूत्राची वाटी पुढं केली. ती मात्र तात्यासाहेबांनी तोंड वाकडं न करता पोटात घेतली. तोंड पुसलं, रुमाल बांधला, आणि भाषणाला गेले.

मी पळाले. झोपडीत येऊन मलाच उलटी झाली. अव्वानं डोकं धरलं. मी तिला सांगितलं, जे पाहिलं ते सगळं. तिनं तांब्यातलं पाणी हातावर घेतलं. मग माझ्या तोंडावरून ओला हात फिरवून म्हणाली, “हे कुणापाशी काढायचं नाही. आपण त्यांच्या आधारानं इथं राहतोय.”

विहीर खुली झाली. त्याच संध्याकाळी दोर आणि पोहरा तात्यासाहेबांच्या झोपडीत गेला. “बाहेर ठेवला तर चोरीला जाईल,” असं कारण होतं. ज्याला पाणी हवं त्यानं मेंबरांच्या दारातून दोर न्यावा आणि आणून द्यावा. आम्हाला मिळायचा. बाकीच्यांना मिळायचा. रखमा गेली की दोर नुकताच कुणीतरी नेलेला असायचा. तिनं मग गुरांची जुनी, झिजलेली दावी एकमेकांना बांधून स्वतःचा दोर केला. त्याला इतक्या गाठी होत्या की तो कप्पीतून जाईना. प्रत्येक गाठ अडकायची. ती कप्पी सोडून काठावरून नुसत्या हातांनी ओढायची, दगडावर घासत घासत. चार दिवसांनी तो दोर विहिरीत पडला. म्हणजे पडला असं तात्यासाहेबांचा गडी म्हणाला. दुसऱ्या सकाळपासून रखमा पुन्हा दहा हात लांब बसली. “ओ पावणं, येक घागर वाढा की!”

दरबारात अर्ज गेला तर काय सांगणार? विहीर खुलीच होती. विहिरीवर कुणी रखमाचा हात धरला नव्हता.

त्याच हंगामात एकदा आप्पांबरोबर तात्यासाहेबांच्या गुऱ्हाळावर गेले होते. काहिलीत रस उकळत होता आणि इमामभाई गुळव्या भेंडीच्या रोपांचा चीक त्यात सोडून वर आलेली काळी मळी झाऱ्यानं काढत होते. बाजेवर तात्यासाहेब बसले होते, भोवती माणसं. मोटेचं पाणी थारोळ्यात पडत होतं आणि तात्यासाहेबांनी ते ओंजळीनं पिऊन मिशा पुसल्या. मोटेचं कातडं कुणी कमावलं होतं, ऊस कुणी तोडला होता, मोळ्या कुणाच्या डोक्यावरून आल्या होत्या, ह्याची पोटात घेताना त्यांना अडचण नव्हती. माझ्याकडे न बघता इमामभाई हळूच म्हणाले, “ताईसाब, काहिलीत समद्यात वर काय येतंय बगा. मळी. लोकांस्नी वाटतंय, वर आलंय म्हंजी चांगलंच आसंल.”

“काय रं इमाम, काय शिकवतोस पोरीला?” बाजेवरून आवाज आला.

“गूळ शिकवतोय, मालक!”

शोकसभा देवळाच्या मंडपात झाली. बायकांसाठी चिकाचा पडदा होता, म्हणून मी गेले. एकामागून एक वक्ते उठले. ज्यांनी ती दवंडी ऐकून नाकं मुरडली होती, तेच आज त्या पेल्याबद्दल गहिवरून बोलत होते. एक मास्तर म्हणाले, “ते पाणी त्यांच्या नुसत्या पोटात नाही, काळजात उतरलं होतं!” मंडपात ‘वाहवा’ झाली. माझ्या शेजारी अव्वा बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतला. बाजूच्या बाईला वाटलं ती रडतेय, आणि तिनं अव्वाच्या पाठीवरून हात फिरवला.

कागद समोर घेऊन मी चार दिवस काढले. इंग्रजीत असं काही लिहायला मला चांगलं शिकवलेलं आहे. थोर, दयाळू, दीनांचा कैवारी. सगळे शब्द हाताशी असतात, फक्त ओळीत बसवायचे. मला ते कागदावर उतरवताना लाल चोथा दिसायचा. पण मला अडवत होतं ते वेगळंच. खरं बोलायचं धैर्य आणलं तरी ते रखमाच्या अंगावर जाऊन पडणार होतं. एवढ्या वर्षांत ती आमच्या परड्यात शेणी द्यायला आली की कधीतरी म्हणायची, “मेंबरानं माज्या हातचं पानी पेलंय. उगंच न्हाय!” तिच्याजवळ त्या दिवसाशिवाय काय होतं? तो मी काढून घ्यायचा? आणि नाही काढून घेतला, तर तात्यासाहेबांचं नाव दगडात जाणार.

पाचव्या दिवशी दुपारी रखमाच आली. परड्याच्या पायरीखाली बसली. केस पांढरे झालेत, आवाज तोच.

“आप्पासाब हायत का?”

“कोर्टात गेलेत.”

“मला सांगावा आलाय. दगूड बसवायच्या दिशी पानी द्याया ये म्हून. धुतल्यालं लुगडं नेसून ये म्हनत्यात.”

“आता कुणाला पाणी?”

“मेंबराच्या ल्येकाला की! त्यो बी हुबा ऱ्हानार हाय न्हवं मेंबरकीला. बानं पेलं, आता ल्योक पिनार. घरान्याची रीतच पडली म्हना.” आणि ती हसली.

मी खाली बघत विचारलं, “त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं होतं, रखमाबाई?”

“काय वाटायचं? समद्या वाड्यात सांगितलं. सासरा आंधळा हुता माजा. त्येनं माजं हात धरलं आन् म्हनला, रखमे, ह्या हातानं आमचा उद्दार क्येलास.”

 ती माझ्याकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून, तिला येतो तेवढा खाली, ती म्हणाली, “ताईसाब, तुमी त्या तट्ट्याआड हुतासा न्हवं?”

मी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

“मला दिसलासा की. तुमी पळालासा, आन् मला हाक आली. रखमे, झाडू घिऊन ये, हितं कुत्रं वकलंय. मी ग्येले. बगितलं. कुत्रं कवा पान खातंय व्हय, ताईसाब?”

परड्यात एक कावळा ओरडत होता. मी हात उगारून त्याला हाकललं.

“मग वाड्यात सांगितलं का नाहीत?”

“कुनाला सांगू? सासरा हसत हुता. मरूस्तवर हसत हुता. त्येच्या म्होरं जाऊन सांगू, की मामंजी, तुमचा उद्दार म्या झाडून टोपल्यात भरला म्हून?” तिनं पायरीवरची धूळ उगाचच हातानं सारली. “लई वंगाळ वास हुता.”

जरा वेळानं ती उठली. “आप्पासाबांस्नी सांगा. दगूड लावा न्हाय तर डोंगूर लावा. दोर तेवढा ठिवा म्हनावं हिरीवर. माळाची पेठ झाली, रस्तं झालं, दिवं लागलं. दोर आजून मेंबराच्याच घरात हाय. नातसुना माज्या आजून पावणं पावणं करत बसत्यात.” मग म्हणाली, “वाईच पानी वाढा.”

अव्वा मागं येऊन उभी होती. कधीपासून ते मला कळलं नाही. ती आत गेली, घागरीवर फडकं धरून पाणी गाळलं आणि तांब्या घेऊन आली. रखमानं सवयीनं ओंजळ धरली. अव्वानं सवयीनं वरून ओतलं, धार हाताला न लागेल अशी. गाळलेलं पाणी, पण वरून. मी आयुष्यभर हे बघत आले होते. त्या दिवशी मला आमच्या घराचीही किळस आली, आणि तात्यासाहेबांचा चेहरा एकट्या तात्यासाहेबांचा राहिला नाही.

संध्याकाळी मी आप्पांना कागद दिला. इंग्रजीत दोनच ओळी होत्या, खाली त्यांचं मराठी. ‘ही विहीर सर्वांची आहे. दोर व पोहरा विहिरीवरच राहील.’

आप्पांनी चष्मा काढून पुसला. “तात्यासाहेबांचं नाव?”

“नाही.”

“अगं, माणूस गेलाय.”

“दोर त्यांच्या घरातच आहे, आप्पा.” मग मी ते सगळं बोलले. तट्टा, बोटं, वाटी, झाडू. आयुष्यात त्यांच्यापुढं इतकं सलग कधी बोलले नव्हते.

ते ऐकून दचकले नाहीत, तेव्हाच मला कळलं. “मला माहीत आहे,” ते म्हणाले. “तुझ्या आईनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं.”

“आणि त्यानंतर तुम्ही त्यांची भाषणं लिहिलीत?”

“भाषणं चांगली होती,” आप्पा म्हणाले. कागद त्यांनी घडी करून टेबलावर ठेवला. इंग्रजी दुसऱ्या दिवशी शोकसभेतल्या त्या मास्तरांनी करून दिलं.

शिळा बसवायच्या दिवशी मी निघाले, तेव्हा अव्वा दारात आडवी आली. तिच्या हातात तिचा दोर होता, लांब, मऊ, बिनगाठीचा. “हा ने,” ती म्हणाली. “मी दुसरा करून घेईन.” आणखी काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

विहिरीला पुन्हा आंब्याची पानं होती. पुन्हा चांदीचा पेला, बहुतेक तोच. रखमा धुतलेलं लुगडं नेसून आली होती, आणि तिच्या काखेत झाडू होता. कुणीतरी तिला दरडावलं, “त्यो कशाला आनलायस हितं?” ती म्हणाली, “लागतोय की मागनं,” आणि माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावला. तात्यासाहेबांचे चिरंजीव पेला वर धरून प्याले. तसाच गळा, तसाच वर-खाली होणारा. टाळ्या वाजल्या. ते मागं कुठं गेले का, ते मी बघितलं नाही. मला दुसरं काम होतं.

मी पुरुषांच्या मधून पुढं गेले.  कार्यक्रमापुरता आणलेला दोर गड्यानं आधीच काढून काखेत मारला होता. मी काठावर चढले, अव्वाचा दोर कप्पीतून ओवला आणि त्याचं दुसरं टोक दगडी खांबाला बांधलं. एक गाठ, तीवर दुसरी, तीवर तिसरी.

“काय करतीयास गं पोरी?” कुणीतरी विचारलं.

“दोर बांधतेय,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. “विहिरीचा आहे.”

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि तिच्यामागून सगळ्यांनी. त्यांना तो कार्यक्रमातलाच भाग वाटला. चिरंजीवांनी दोन्ही हात जोडून टाळ्यांचा स्वीकार केला.  पण एवढ्या लोकांनी टाळ्या वाजवलेला दोर त्या गड्याला तिथल्या तिथं सोडता येईना. तो नुसता गाठींकडे बघत उभा राहिला.

आता रोज शाळेला जाताना मी माळाकडून वळसा घेते. हवेत तोच वास असतो, आणि अजूनही तो मला सोसत नाही. घरात अव्वानं दोन दोर वळून घेतलेत, एक जिवांसाठी आणि एक विहिरीवरचा नाहीसा होईल त्या दिवसासाठी. शिळा मी वाचत नाही. काठापाशी जाऊन दोराला हात लावून बघते, आणि पुढं जाते.

आज सकाळी मी पोचले तेव्हा विहिरीवर कुणी नव्हतं, आणि दहा हात लांबही कुणी बसलेलं नव्हतं. धुकं होतं, काठावर घागरी टेकल्याच्या ओल्या चकत्या होत्या. मी हात लावला. दोर ओला होता.